थांगपत्ता असलेल्या लेखिकेची ‘अक्षता’

मी, कुमारी मंजुळा दत्ताराम गावंड, वय वर्षे बहात्तर, निवृत्त, मूळ गाव गोडदेव, हल्ली राहणार जेसल पार्क, भाईंदर पूर्व, तिसरा मजला, स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता व पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहून ठेवते. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जिवंत असल्याचा दाखला मात्र माझा मलाच द्यावा लागतो आहे. त्याचे कारण आधी नोंदवते.

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला कुरियरचा माणूस दारात आला. पाकिटावर नाव वाचून म्हणाला, “आंटी, मंजुळा गावंड के घरवाले आप?”

“मैं ही मंजुळा गावंड.”

“मगर इसपे तो आगे कुछ लिखा है. कै. कै मतलब?”

“कैलासवासी.”

“वो कौनसी बिल्डिंग?”

मी त्याला पाणी दिले व स्वतःच्या हाताने सही करून स्वतःच्या वारसांना आलेले पत्र घेतले. पाठवणारे होते ‘आधी वापरा सॉफ्टवेअर लेखक संघ, भाईंदर’ व सही त्याचे चिटणीस जितेश यांची. त्यात वारसांना विनंती होती की ‘अक्षता’ हा लग्नपत्रिकांचा प्रोग्रॅम, जो ‘कै. मंजुळाबेन यांच्या पश्चात’ संघाकडे आला, तो एका मोबाइल कंपनीला द्यायचा आहे. कंपनीचा वकील मूळ लेखिकेचे कागद मागतो आहे. तरी वारसांनी ना-हरकतीवर सही करावी. ‘परमेश्वर मृतात्म्यास शांती देवो’ असेही खाली होते. शांती मुळीच मिळालेली नाही. हे मृत्युपत्र त्या पत्राचे उत्तर समजावे.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. लाख लावून बंद केलेले एक पाकीट तेवढे केले होते. ते मी हयात असताना फोडले गेले. त्याची हकीकत पाचव्या कलमात येईल.

कलम २. माझा जेसल पार्कचा फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. तो माझा भाऊ बाळा याची मुलगी भूमिका हिला मिळावा. परंतु ज्या धंद्यात मी नाव कमावले त्याचा नियम होता, आधी वापरा, पटले तर घ्या. म्हणून भूमिकाने आधी तीस दिवस या घरात राहावे. पाणी पहाटे पावणेसहाला येते आणि साडेसहाला जाते. लिफ्ट नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीतले भांडण ऐकू येते, त्याची मला करमणूक होते, तिला होईलच असे नाही. तीस दिवसांनी तिने हो किंवा नाही म्हणावे, मनात राग धरू नये. नाही म्हणाली तर फ्लॅट तिचा भाऊ प्रणय याला जावा. प्रणयला आधी राहून बघण्याची सवलत नाही. त्याने माझ्या डोळ्यांदेखत सोसायटीच्या सेक्रेटरीला “बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला कधी जाणार?” असे विचारले आहे.

बँकेतल्या ठेवी दोघांना निम्म्या निम्म्या.

कलम ३. गोडदेवच्या वडिलोपार्जित घरातला माझा हिस्सा मी बाळाला सोडते. मोबदला नको. एवढेच लिहून ठेवते की एकोणीसशे ब्याऐंशी साली त्याच घरातून बाळाच्या लग्नाची पत्रिका निघाली. तिच्यात पाच काका होते, मामा होते, आमच्या मिठागरावरच्या मुकादमाचेही नाव होते. माझे नव्हते. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची, फोर्टमध्ये एका जहाज कंपनीच्या संगणक विभागात नोकरीला, आणि त्या लग्नाचा अर्धा बस्ता माझ्या पगारातला. मी प्रेसमध्ये जाऊन विचारले. मालक म्हणाला, “बिनलग्नाच्या बहिणीला पत्रिकेत जागा नसते हो. सौ. व श्री. असं सुरू होतं ना. तुम्हाला कुठे बसवू?”

आमची आईदेखील त्यात नव्हती. ‘सौ. व श्री. दत्ताराम गावंड’ एवढे छापले होते. त्या ‘सौ.’ला सरूबाई असे नाव होते हे छापखान्याला ठाऊक नव्हते आणि कोणी सांगितलेही नाही.

कलम ४. किरकोळ वस्तू. इंग्रजीचा जाडा शब्दकोश, जो मला सिस्टर बर्नाडेट यांनी अकरावीत व्याकरणाच्या बक्षिसात दिला, तो भूमिकाच्या मुलीला. तिने तो वापरावा, टीव्हीला उंची देण्यासाठी ठेवू नये. कॉन्व्हेंटमध्ये व्हरांड्यात मराठी बोलले की गळ्यात पाटी अडकवत. त्यामुळे मी इंग्रजी नीट शिकले आणि मराठी हट्टाने. घरची बोली तर खारट, गोडदेवची. छापील मराठी मी लग्नपत्रिका वाचून वाचून शिकले, हे खरे आहे. सिस्टरांचे एक वाक्य मी आयुष्यभर पाळले: खोटे बोलायचेच असेल तर निदान व्याकरणशुद्ध बोला, म्हणजे पकडणाऱ्याला कष्ट पडत नाहीत.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालू आहे, रिबन मिळत नाही. ज्याला हवा त्याने उचलून न्यावा, जिना उतरताना दोन माणसे लागतील. गरम पाण्याची पिशवी हंसाबेनना, दुसऱ्या मजल्यावर. त्या साक्षीदार आहेत म्हणून पिशवी आजच देऊन टाकली आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, पुढे तंटा होतो, असे वकीलसाहेब म्हणाले.

कलम ५. ‘अक्षता’.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली मी एक जुना संगणक घेऊन लग्नपत्रिका जुळवण्याचा प्रोग्रॅम लिहिला. प्रेसवाल्याने नवरा-नवरीचे नाव, मुहूर्त, स्थळ भरायचे. प्रोग्रॅम एकेक नाते विचारणार आणि मानाप्रमाणे क्रम लावून देणार. काका आधी की मामा, थोरल्या चुलत्याची विधवा कुठे, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ ही चिमुरड्यांची ओळ कुठे, यावरून प्रेसमध्ये भांडणे होत. ‘अक्षता’ भांडत नसे. आणि तिच्यात मी एक प्रश्न घातला जो दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये नव्हता. पडद्यावर येत असे: ‘अविवाहित आत्या आहे का? असल्यास काकांच्या आधी.’

हा प्रोग्रॅम मी दुकानात विकला नाही. फ्लॉपीवर घालून वाटला. कॉपी करा, दुसऱ्या प्रेसला द्या, अकरा पत्रिका फुकट जुळवा, आवडला तर मनीऑर्डर करा. मी टपालाने एक शब्द पाठवीन, तो टाकला की कायमचा तुमचा. याला शेअरवेअर म्हणत. लोक हसत. “न घेताच वापरतील की!” मी म्हणे, राई गावच्या मच्छीवाल्या बायका बोंबील हातात देतात, वास घ्या म्हणतात, मोडून बघा म्हणतात, आणि तरी संध्याकाळी टोपली रिकामी घेऊन घरी जातात. पालघरपासून पेणपर्यंतच्या प्रेसवाल्यांनी मनीऑर्डरी केल्या. एकाने सोबत पेढे पाठवले होते.

असे लिहिणारे आम्ही भाईंदर-वसई भागात नऊ जण निघालो. कोणाचा दवाखान्याचा प्रोग्रॅम, कोणाचा शाळेच्या वेळापत्रकाचा, तो जितेशभाईंचा. शहाण्णव साली त्यांच्याच हॉलमध्ये संघ स्थापन झाला. फुकट प्रतीत लबाडी करायची नाही, गिऱ्हाइकाची फाइल अडकवून ठेवायची नाही, पत्र आले की आठ दिवसांत उत्तर, असे नियम केले. आणि गिऱ्हाइकाचे व लेखकाचे वाजले तर निवाडा करायला एक तक्रारमित्र नेमला. तक्रारमित्र म्हणजे आशा टिपणीस. माझ्याच ऑफिसातली, माझ्या शेजारच्या टेबलाची, दादरहून माझ्या सांगण्यावरून भाईंदरला घर घेतलेली माझी मैत्रीण.

आशा निवाडा कसा करी ते सांगणे आवश्यक आहे. माझ्या फुकट प्रतीत अकरा पत्रिकांनंतर तळाला बारीक ओळ छापली जाई: ‘चाचणी प्रत. अद्याप स्वीकारलेली नाही.’ विरारच्या एका प्रेसमधून अशी पत्रिका बाहेर पडली आणि नवऱ्याच्या मामाने भर बैठकीत विचारले, “मुलगी चाचणीवर आहे का? आम्हाला आधी सांगायचं होतं.” लग्न मोडता मोडता राहिले. तक्रार आली. आशाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल माझ्याविरुद्ध दिला. म्हणाली, “मंजू, आठवण प्रेसवाल्याला करून द्यायची असते, नवरीला नाही.” मी त्याच आठवड्यात ओळ काढून टाकली आणि अकरा पत्रिकांनंतर पडद्यावरच किल्लीचा शब्द मागायला लावला. मैत्रिणीने माझ्याविरुद्ध निकाल दिला याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. तेव्हाची आशा अशी होती हे लिहून ठेवते, कारण पुढचे वाचताना ते विसरले जाईल.

नव्याण्णव साली प्रश्न आला की लेखक मेला तर पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांनी काय करायचे? ठरले असे की प्रत्येकाने आपल्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, व किल्लीचा शब्द लाख लावलेल्या पाकिटात चिटणिसांकडे ठेवावा. पाकीट केव्हा फोडायचे याचे कलम चौदावे. जितेशभाईंनी साध्या भाषेत मसुदा आणला होता: लेखकाच्या मृत्यूचा दाखला मिळाल्यास, किंवा त्याच्या पत्त्यावर पाठवलेली तीन रजिस्टर पत्रे परत आल्यास. मला ते पोस्टातल्या फॉर्मसारखे वाटले. मी त्यावर पेन फिरवला व लिहिले: ‘लेखकाचे निधन झाल्यास अथवा सलग सहा महिने त्याचा थांगपत्ता न लागल्यास.’ सभेत सगळ्यांनी वाहवा केली. “थांगपत्ता! मंजुळाबेन, क्या वर्ड है!” जितेशभाई म्हणाले. मीही खूश झाले. कॉन्व्हेंटच्या मुलीला असा शब्द सुचला! तीन परत आलेली पत्रे हा पुरावा होता. मी पुरावा खोडला आणि त्या जागी शब्द ठेवला. माझ्या हातून आयुष्यात झालेली ही एकच मोठी चूक, आणि ती व्याकरणशुद्ध आहे.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत माझ्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले. आठ महिने मी गोडदेवला बाळाकडे होते. जेसल पार्कहून रिक्षाने दहा मिनिटे. आशा दर गुरुवारी यायची. चार कप्प्यांचा स्टीलचा डबा घेऊन. पेज, मुगाचे कढण, दुधीची भाजी, आणि वरच्या कप्प्यात काहीतरी तोंडाला चव आणणारे. घरात सगळे मला अळणी देत होते. आशा मीठ घालून आणायची. म्हणायची, “मिठागरवाल्याच्या मुलीला अळणी कसं भरवू? पाप लागेल.” हात उचलत नव्हता तेव्हा तिने भरवले आहे.

शुक्रवार, दिनांक १८ ऑगस्ट २००६ रोजी संघाच्या वहीत ठराव झाला: ‘सदस्य मंजुळा गावंड यांचा सहा महिने थांगपत्ता नसल्याने कलम चौदाप्रमाणे पाकीट उघडण्यात येत आहे.’ खाली चिटणिसांची सही. त्याखाली, खात्री केल्याबद्दल, तक्रारमित्राची सही. आशा टिपणीस. आदल्या दिवशी गुरुवार होता. त्या दिवशी तिने मला रव्याची खीर भरवली होती.

मला यातले काही कळले नाही. बरी होऊन घरी आले तेव्हा दमलेली होते. नवे विंडोज आले होते, जुनी ‘अक्षता’ त्यावर चालत नव्हती, मनीऑर्डरी थांबल्या होत्या; मी समजले, काळ संपला. आशा म्हणाली, “जाऊ दे गं, आराम कर.” मी आराम केला.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात भूमिकाचे लग्न होते. पत्रिका हातात आली. उघडली, आणि सगळ्यांत वर, काकांच्याही आधी: ‘कु. मंजुळा दत्ताराम गावंड’. मी पलंगावर बसले. सत्तावीस वर्षांनी भावाने चूक सुधारली असे वाटले आणि डोळे भरून आले, हेही नोंदवते. तशीच गोडदेवला गेले.

“बाळा, माझं नाव पहिलं घातलंस रे!”

बाळा डोके खाजवत म्हणाला, “आमी न्हाय घातला, बाय. त्या प्रेसवाल्याच्या कम्प्युटरनं इचारला. आत्या हाय का बिनलग्नाची? मी बोललो हाय. मंग त्याने नाव इचारला, मी सांगला. बरा झाला ना?”

बरे झाले. मी प्रेसमध्ये गेले. पडद्यावर नाव होते ‘शुभ अक्षता’, लेखक जितेश आणि मंडळी. रंग नवे, चित्रे नवी, कोपऱ्यात हलणारा गणपती. नात्यांच्या यादीत खाली गेले आणि तोच प्रश्न आला: ‘अविवाहित आत्या आहे का? असल्यास काकांच्या आधी.’ एक काना-मात्रा बदललेली नव्हती. जगात हा प्रश्न मी एकटीने विचारला होता. माझ्याच चोरीला गेलेल्या वाक्याने मला माझ्या भाचीच्या पत्रिकेत जागा दिली. माझ्या माणसांनी दिली नव्हती.

त्या रविवारी मी संघाच्या सभेत गेले. चार जण उरले होते. जितेशभाईंनी शांतपणे ठरावाची वही माझ्यापुढे ठेवली.

“मंजुळाबेन, गुस्सा मत करो. चौदा नंबर आपने ही लिखा था. हम तो रूल से चले.”

“जितेशभाई, मी दहा मिनिटांवर होते. रिक्षाने.”

“पेपर पे नहीं थी.”

मी आशाकडे पाहिले. ती वहीकडे पाहत होती. म्हणाली, “प्रेसवाल्यांचे फोनवर फोन येत होते, मंजू. हा म्हणाला, नुसती सही, प्रोग्रॅम चालू ठेवायला. तुला त्या अवस्थेत काय विचारायचं?” आणि मग, फार हळू, “डॉक्टर माझ्याशी बोलले होते. तू उठशील असं वाटलं नव्हतं गं.”

म्हणजे दर गुरुवारी ती मला भरवत होती ते असे समजून. चोरीपेक्षा मला हे जास्त लागले. मेल्याचे समजून कोणी पाकीट फोडले तर तो चोर. पण मरणारच म्हणून ज्याने मीठ घातले, त्याला काय म्हणायचे, हे मला कोणत्याही शब्दकोशात सापडलेले नाही.

संघाच्या नियमाप्रमाणे तक्रार तक्रारमित्राकडे लेखी द्यायची असते. मी दिली. आशाने दिलेल्या सहीविरुद्धची तक्रार आशाच्याच हातात दिली. तिने घेतली. सोळा वर्षे झाली. निकाल अजून यायचा आहे. त्यानंतर मी संघात गेले नाही, आणि संघाने मला गेलेलीच धरले.

मी कोर्टात का गेले नाही असे वकीलसाहेबांनी परवा विचारले. ते म्हणाले, पाकीट ठेवल्याने मालकी जात नाही, प्रोग्रॅम तेव्हाही तुमचा होता, आजही आहे, तुम्ही जिंकला असता. जिंकले असते. पण त्यासाठी आशाला पिंजऱ्यात उभे करावे लागले असते आणि मला सांगावे लागले असते की ही बाई मला पेज भरवत होती. ते मीठ मी खाल्ले होते. तिला जागायचे नसेल, मला जागावे लागले.

मिठाची मर्यादा माझ्या हयातीपुरती आहे. मृत्युपत्रात ती लागू नाही. म्हणून:

अ) ‘अक्षता’ हा प्रोग्रॅम, त्याचा सोर्स कोड, नात्यांची यादी व सर्व हक्क यांची मालकीण मी आहे. संघाला, जितेशभाईंना किंवा मोबाइल कंपनीला मी ते दिलेले नाहीत, देत नाही, आणि माझ्या वारसांनी कोणत्याही ना-हरकतीवर सही करू नये.

आ) माझ्या मागे ‘अक्षता’ सर्वांची. ज्याला हवी त्याने घ्यावी, वापरावी, बदलावी, वाटावी. चाचणी संपली. अकरा पत्रिकांची मर्यादा उठली. किल्लीचा शब्द इथेच लिहिते: सरूबाई. रोमन लिपीत, लहान अक्षरांत. पत्रिकेत जिचे नाव कधी छापले गेले नाही त्या आमच्या आईचे नाव टाकल्याशिवाय शेकडो प्रेसमधली बारावी पत्रिका पुढे सरकत नव्हती, हे माझे आयुष्यातले सर्वांत मोठे सुख.

इ) एकच अट. अविवाहित आत्याचा प्रश्न काढू नये. काकांच्या खालीही सरकवू नये.

कलम ६. ‘आधी वापरा सॉफ्टवेअर लेखक संघ’ यास मी माझ्या हाताने लिहिलेल्या मूळ नियमांची प्रत देते. चौदावे कलम मी तांबड्या शाईने खोडले आहे व जितेशभाईंचा जुना मसुदा परत लिहिला आहे. तोच बरोबर होता. त्यांच्याबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखी एवढी एकच चांगली गोष्ट आहे आणि ती मी राखून ठेवली नाही.

कलम ७. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम भूमिकाने करावे. माझ्या नावापुढे ‘कै.’ लावण्याचा अधिकार फक्त तिला, आणि तोही महापालिकेचा दाखला हातात आल्यावर. दिवसकार्य थोडक्यात करावे. अळणी काही करू नये.

कलम ८. आशाचा डबा.

बरी होऊन मी घरी आले तेव्हा शेवटच्या गुरुवारचा डबा माझ्याकडेच राहिला होता. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये ही आमच्याकडची रीत, निदान साखरेचा दाणा तरी घालावा. काय घालावे ते ठरेना म्हणून तो एकोणीस वर्षे फडताळात आहे. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की माझ्या मागे हा डबा आशा टिपणीस हिला रिकामा नेऊन द्यावा, चारही कप्पे, रिकामा. भूमिकाने ते टाइप करताना हात थांबवला. “आत्या, रिकामा?” एवढेच म्हणाली.

ते वाक्य मी खोडले आहे. डबा मृत्युपत्रातून देता येत नाही, कारण आशा या मृत्युपत्राची दुसरी साक्षीदार असावी अशी माझी इच्छा आहे. वकीलसाहेब म्हणाले, दुसरं कोणी चालेल की. चालणार नाही. जिने मी असताना मी नाही अशी सही केली, तिनेच मी आहे अशी सही केली पाहिजे. साक्षीदाराचे कायद्याने एवढेच काम असते. ती आली नाही तर दुसऱ्या साक्षीची जागा कोरी ठेवून हे कागद फाडून टाकावेत आणि सगळे कायद्याने जायचे तिकडे जावो.

(खालचा मजकूर सहीपूर्वी, सर्वांसमोर, माझ्या हाताने शाईने वाढवला आहे. मं. गा.)

आशा आली. तीन मजले चढून आली, दोनदा जिन्यात बसली असे हंसाबेन म्हणतात. केस सगळे पांढरे. मी डबा तिच्या हातात दिला. तिने वरचा कप्पा उघडला. आमच्या वडिलांच्या मिठागरातले, शेवटच्या हंगामाचे जाडे मीठ होते, काठोकाठ. तिने बोट लावून जिभेवर ठेवले.

मग म्हणाली, “माझ्याबद्दल काय लिहिलंयस, वाचू?”

मी म्हटले, “साक्षीदाराने वाचायचं नसतं. फक्त सही करताना मला बघायचं असतं. बघ.”

ती बघत आहे. मी सही करते.

मंजुळा दत्ताराम गावंड
(सही)

स्थळ: जेसल पार्क, भाईंदर पूर्व
गुरुवार, दिनांक १३ नोव्हेंबर २०२५

वरील बाईंनी आम्हा दोघींसमोर, आम्ही पाहत असताना, आपल्या हाताने सही केली व आम्ही दोघींनी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १. हंसा ठक्कर, दुसरा मजला
(सही)

साक्षीदार २. आशा टिपणीस, तक्रारमित्र
(सही)

साक्षीदार क्रमांक दोन यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर:

‘मंजुळा गावंड यांना मी आज पाहिले. गुरुवार, १७ ऑगस्ट २००६ रोजीही पाहिले होते. तक्रार मान्य.’